नववं नाव

महालात, गांधीगेटच्या आतल्या एका गल्लीत आमचं दुकान आहे. पाटीवर अजून 'मुद्रणालय' असं लिहिलेलं आहे, पण आत आता एक मिनी ऑफसेट, एक कटिंग मशीन, दोन कॉम्प्युटर आणि कार्डांच्या नमुन्यांनी फुगलेले अल्बम एवढंच उरलंय. आजोबांच्या काळातलं ट्रेडल मशीन २००३ साली भंगारात गेलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. ते हातगाडीवर चढवायला सहा माणसं लागली होती आणि बाबा त्या दिवशी दुकानात आलेच नव्हते, एवढं मला आठवतं.

लग्नाच्या पत्रिका, वास्तूची कार्डं, पावतीपुस्तकं आणि तेरवीची कार्डं ही आमची कामं. यात तेरवीचं काम सगळ्यात घाईचं. घरातलं माणूस गेल्यावर तीन-चार दिवसांनी कोणी जावई नाहीतर पुतण्या वहीच्या पानावर नावं लिहून आणतो, आणि त्याला कार्डं दुसऱ्या दिवशी सकाळी हवी असतात. तो घासाघीस करत नाही. कागद कोणता, शाई कोणती, हेही विचारत नाही. "नावं तेवढी नीट टाका," एवढंच म्हणतो.

मी ज्याबद्दल लिहिते आहे ती चूक त्या नावांचीच आहे. ती माझी आहे, आणि ती सी भाषेतल्या साधारण वीस ओळींमध्ये राहत होती.

बाबा १९९९पासून कॉम्प्युटरवर काम करतात, आणि अजूनही त्यांची बोटं त्या काळच्या फॉन्टांवरच चालतात. ज्यांनी हे फॉन्ट वापरलेले नाहीत त्यांना त्यातली गंमत सांगायला हवी. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टांमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी अक्षर नसायचंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. कृतिदेव फॉन्टात 'विदर्भ' उमटवायचं तर एफ, ओ, एन, मोठा एच, के आणि मोठा झेड अशा सहा कळा दाबाव्या लागतात. पडद्यावर 'विदर्भ' दिसतं, पण फाइलमध्ये ती सहा इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट बदलला की विदर्भ गेला.

आणि ती सहा अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं लावलेली असतात, तोंडानं उच्चारतो त्या क्रमानं नव्हे. पहिली वेलांटी 'व'च्या आधी दिसते म्हणून आधी टाईप करायची. रफार 'भ'च्या डोक्यावर दिसतो म्हणून 'भ'च्या नंतर. युनिकोडमध्ये हे उलट आहे. तिथं आधी 'व', मग वेलांटी. आधी 'र' आणि हलन्त, मग 'भ'. म्हणजे जुन्या फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर नुसतं याच्या जागी ते ठेवून भागत नाही. वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे न्यायची, रफार उचलून मागच्या अक्षराआधी आणायचा. जोडाक्षर मध्ये आलं तर ते अख्खं ओलांडायचं.

बाबांना नवीन कळफलक शिकायचा नव्हता. "पंचवीस वर्षं झाली, आता हात नाही वळत," म्हणाले. गिऱ्हाइकांना मात्र कार्डाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर हवा असायचा, आणि नवे डिझाइनचे प्रोग्रॅम युनिकोड मागायचे. म्हणून बाबा जुन्या फॉन्टात टाईप करतील, आणि मधला सगळा उपद्व्याप एक छोटा प्रोग्रॅम करेल, असं आमचं ठरलं. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर प्रोग्रॅमचं नाव आणि फाइलचं नाव लिहायचं, एंटर दाबायचं, की कार्डाचा तयार मजकूर बाहेर.

तो मी सी भाषेत लिहिला. ऑफिसात मी बँकांसाठी जावामध्ये काम करते. तिथं वापरून झालेली मेमरी परत घ्यायला भाषेनंच एक झाडूवाला नेमलेला असतो. कोणती जागा रिकामी झाली हे तोच बघतो आणि तोच आवरतो. गायत्रीनगरच्या आयटी पार्कात सहा वर्षं काम करून मी एकदाही स्वतःच्या हातानं मेमरी परत केलेली नव्हती. सी निवडण्यामागे थोडी हौस होती, थोडा अहंकार, आणि थोडं गावाचं प्रेम. भारतातल्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी पोरांनी ज्या पुस्तकावरून सी शिकली ते 'लेट अस सी' नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं. दिल्लीच्या बीपीबीनं छापलेली त्यांची पुस्तकं आमच्या कॉलेजात हातोहाती फिरायची. पॉइंटरवर त्यांनी वेगळं अख्खं पुस्तक लिहिलंय, आणि मी त्यावर परीक्षेपुरती नजर फिरवली होती. त्या नजर फिरवण्याची किंमत पुढे मोजली.

सीमध्ये 'मजकूर' नावाची वस्तूच नाही. मेमरीत ओळीनं ठेवलेले बाइट असतात आणि शेवटी एक शून्य असतं. मजकूर म्हणजे त्यातल्या पहिल्या बाइटचा पत्ता. एका फंक्शननं दुसऱ्याला नाव दिलं असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर त्यानं पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिलेली असते. त्या पत्त्यावर कोण राहतं, कधीपर्यंत राहतं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये जुन्या फॉन्टातलं नाव घेऊन युनिकोडमधलं नाव देणारं एक फंक्शन होतं. प्रश्न असा, की ते नवं नाव ठेवायचं कुठं? मूळ जागेत मावत नाही, कारण 'विदर्भ'चे जुन्या फॉन्टातले सहा बाइट युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत अठरा होतात. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर आखली. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. वेलांटीला तीन, हलन्तालाही तीन. फंक्शनच्या आतल्या तात्पुरत्या जागेत नाव ठेवून तिचा पत्ता बाहेर द्यावा, तर फंक्शन संपताक्षणी ती जागा जाते. प्रत्येक नावासाठी नवी जागा मागून घ्यावी, तर ती कोणीतरी आठवणीनं परत करायला हवी.

मी तिसरा मार्ग घेतला. फंक्शनमध्ये एक कायमची जागा ठेवली. प्रत्येक नाव तिथंच तयार व्हायचं आणि तिचाच पत्ता बाहेर जायचा. मागायला नको, परत करायला नको. यात मी काही नवीन केलं नव्हतं. वेळ आणि तारीख मजकुरात लिहून देणारं सीचं स्वतःचं 'अॅस्क-टाइम' हे फंक्शन असंच वागतं. दुसऱ्यांदा बोलावलं की पहिल्या वेळचा मजकूर पुसतं.

पहिल्याच लग्नपत्रिकेत वधू आणि वराच्या जागी एकच नाव आलं. दोन वेळा फंक्शन बोलावलं, दोन्ही वेळा एकच पत्ता मिळाला, आणि छापायची वेळ आली तेव्हा त्या पत्त्यावर एकच माणूस राहत होता. बाबा पडद्याकडे बघून म्हणाले, "हे बरं आहे, भांडणच नाही." आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा ती फक्त गंमत होती.

मी इलाज शोधला. एकाऐवजी आठ जागा ठेवल्या आणि त्या आळीपाळीनं द्यायला सुरुवात केली. पहिलं नाव पहिल्या जागेत, दुसरं दुसऱ्या, आठवं आठव्या. त्यानंतर पुन्हा पहिली. हाही माझा शोध नव्हे. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली सुरू केलेल्या गिटमध्ये, जे माझ्या पिढीचा प्रत्येक इंजिनिअर रोज वापरतो, लांबलचक ओळखक्रमांक मजकुरात दाखवायला अशाच चार जागा आळीपाळीनं फिरवल्या जातात. मोठ्या माणसांनी केलंय म्हटल्यावर मला धीर आला. त्यांना चार पुरतात तर मला आठ खूप झाल्या. पत्रिकेवर वधू, वर, दोघांचे आईवडील मिळून सहाच नावं असतात. दोन जागा वर.

आठच का, असं मला कोणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. बरा वाटला आकडा.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिसऱ्याच दिवशी एक ओळखीचं घर आलं. त्यांच्या लग्नाच्या पत्रिका आजोबांनी छापलेल्या, मुलांच्या बाबांनी. आता घरातले म्हातारे आजोबा गेले होते. गंगापूजन आणि तेरवीचं कार्ड, दीडशे प्रती. बाबांना पडद्यासमोर बसायची बंदी होती, म्हणून ऑफिसातून आल्यावर मी दुकानात गेले. नावं आमच्याकडे काम करणाऱ्या मुलानं जुन्या फॉन्टात टाईप करून ठेवली होती. प्रोग्रॅम चालवला. गेलेल्यांचं नाव, खाली शोकाकुल म्हणून दोन मुलगे, दोन सुना, मुलगी, जावई, नात. आठ नावं. मी प्रूफ व्हॉट्सअॅपवर पाठवलं, त्यांनी पाहिलं, ठीक आहे म्हणाले, आणि तेच चित्र त्यांनी नातेवाइकांनाही पुढे पाठवलं.

रात्री साडेनऊला धाकट्या मुलाचा फोन आला. नातवाचं नाव राहिलं. पाच वर्षांचा पोरगा, आजोबांचा लाडका, आणि त्याचं नाव नाही म्हणून त्याची आत्या रडून राहिली. मी म्हटलं, टाकते. फाइलमध्ये शेवटी एक ओळ वाढवली, प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि शेवटची ओळ पाहिली. नाव होतं. काना-मात्रा बरोबर होती. पुन्हा प्रूफ पाठवलं नाही, कारण वाढलं होतं ते एकच नाव आणि ते मी तपासलं होतं. प्लेट केली. मशीनवरच्या मुलानं अकरापर्यंत दीडशे कार्डं काढून दिली.

ओळी मधोमध याव्यात म्हणून माझा प्रोग्रॅम आधी सगळी नावं बदलून घ्यायचा, सगळ्यात लांब नाव कोणतं ते बघायचा, आणि मग छापायचा. नऊ नावं, आठ जागा. नववं नाव पहिल्या जागेत जाऊन बसलं. पहिल्या जागेत गेलेल्या माणसाचं नाव होतं. कार्डाच्या साच्यात त्या जागेच्या आधी दोन अक्षरं कायमची लिहिलेली होती. 'कै.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दुकानातला फोन वाजला. मी ऑफिसला निघालेच होते. पलीकडून थोरला मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "कार्डावर आमच्या पोराचं नाव कुठं टाकलं तुम्ही?" आणि फोन ठेवला. मी गठ्ठ्यातून उरलेला नमुना काढून पाहिला. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही.

इथं एक गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी सांगते. मेमरीच्या चुका पकडणारी हत्यारं असतात, वॅलग्रिंड वगैरे. मी नंतर ते चालवून पाहिलं. एकही चूक सापडली नाही. सापडणारही नव्हती. प्रोग्रॅमनं परक्या जागेत हात घातला नव्हता, परत केलेली जागा वापरली नव्हती, काही सांडलं नव्हतं. मेमरीच्या हिशेबानं सगळं चोख होतं. त्या पत्त्यावरच्या माणसाचं काम अजून संपलेलं नाही, ही गोष्ट फक्त मला माहीत असायला हवी होती.

बाबांना मी घरी जाऊन सांगितलं. ते पलंगावर बसले होते, दवाखान्यानं दिलेला काळा गॉगल लावून, कूलरसमोर. त्यांनी कार्ड हातात घेतलं, डाव्या डोळ्याजवळ नेलं, आणि वाचलं. मग विचारलं, "किती वाटले?" मी फोन करून विचारलं. एक्केचाळीस. त्यातले एकोणचाळीस शहरात, एक उमरेडला, एक काटोलला. बाबा उठले आणि चपला शोधायला लागले. आई म्हणाली, "डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका म्हटलं आहे." बाबा म्हणाले, "तिले एकटीले पाठवू काय?"

आधी त्या घरी गेलो. अॅक्टिव्हावर मी पुढे, बाबा मागे, गॉगलवरून दुपट्टा गुंडाळलेला. मी वाटेत ठरवलं होतं की समजावून सांगायचं: कॉम्प्युटरमध्ये जागा असतात, त्या आळीपाळीनं वापरतात, वगैरे. दारातच पोराची आई उभी होती. तिच्या मागून तो पोरगा आमच्याकडे बघत होता, हातात आंब्याची कोय. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. बाबांनी हात जोडले. "चूक माझ्या दुकानाची आहे," म्हणाले. "यादी द्या. सगळे कार्ड परत आणून देतो, अन् नवीन आज संध्याकाळी." ना कॉम्प्युटरचं नाव काढलं, ना डोळ्याचं, ना माझं. तिनं काही न बोलता यादी आणून दिली. आम्हाला आत या म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

एकोणचाळीस घरं. नंदनवन, वाठोडा, सक्करदरा, मानेवाडा, हुडकेश्वर. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. प्रत्येक दारात बाबा तेच वाक्य म्हणायचे: "कार्डात चूक झाली, ते परत द्या, नवीन येऊन राहिलं." काहींनी वाचलंच नव्हतं. काहींनी वाचलं होतं आणि ते आमच्याकडे बघायचे. एका म्हातारबाईनं आम्हाला बसवून माठातलं पाणी दिलं आणि म्हणाली, "मी म्हटलं, पोराले काय झालं? फोन कराची हिंमत नाही झाली." ती सकाळपासून तशीच बसून होती.

मात्र बऱ्याच घरांतून कार्ड परत मिळालं नाही, आणि ज्या कारणानं मिळालं नाही त्याचा मी विचारच केला नव्हता. तेरवीचं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं, तारीख-वार लक्षात ठेवायचा, आणि फाडून टाकायचं. आमच्याकडे पूर्वी दुःखाची बातमी आणणारं पोस्टकार्डही असंच फाडत. मी इतकी वर्षं ही कार्डं छापताना बघत होते, पण ती पुढे कुठं जातात हे मला ठाऊक नव्हतं. लग्नपत्रिका देवापाशी राहते, फ्रिजवर लागते, कोणी जपूनही ठेवतं. हे कार्ड एकदा वाचण्यापुरतं असतं. एकोणचाळीसपैकी बारा घरांत ते आधीच फाडलेलं होतं, सत्तावीस आम्ही गोळा केली. उमरेडचे पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते, ते घेऊन येतो म्हणाले. काटोलचा फोन लागत नव्हता.

संध्याकाळी दुकानात आलो तेव्हा मोठे काका बसलेले होते. ते आमच्याकडचे जुने कंपोझिटर. ट्रेडल गेल्यावर त्यांना काम उरलं नाही, पण ते रोज पाचला येऊन चहा पितात. त्यांना सगळं कळलं होतं. मी त्यांच्यासमोर प्रोग्रॅम उघडून बसले, आणि का कोण जाणे, त्यांना सांगायला लागले. आठ जागा, नऊ नावं. मला वाटलं होतं, त्यांना कळणार नाही.

"म्हणजे उभ्या फर्म्यातला खिळा काढला तू," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. देवनागरीला खिळे शेकड्यांनी लागतात. इंग्रजीसारखं थोडक्यात भागत नाही. छोट्या छापखान्यात प्रत्येक खिळा मोजकाच. 'ज्ञ' दहा-बारा असले तर पुष्कळ. म्हणून मजकूर जुळवायचा, फर्मा बांधायचा, छापायचा, आणि छापून झालं की फर्मा सोडून एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. मग त्याच खिळ्यांतून दुसरं काम. "कधी काय व्हायचं," काका म्हणाले, "घाईचं काम यायचं, खणात 'ज्ञ' नसायचा, अन् बाजूले बांधलेला फर्मा असायचा. पोरं हळूच त्यातला काढून घेत. मंग टाकू परत म्हणून. अन् मंग विसरत. तुझ्या आजोबांनी एकाले त्याच्यासाठी कामावरून काढलं होतं. छापून होत नाही तोपर्यंत बांधलेल्या फर्म्यातला खिळा काढाचा नाही. राजा आला तरी नाही."

"मग खिळे कमी पडले तर?"

"तर ते काम थांबाचं. छापून होऊ द्याचं. मंग सगळा फर्मा एकदम सोडाचा."

त्या रात्री मी ते फंक्शन पुसलं. मधल्या काळात मी दुसरा मार्गही करून पाहिला: प्रत्येक नावाला वेगळी जागा मागायची आणि काम झालं की ती जागा परत करायची. पण एका नावाचं युनिकोड होईपर्यंत मध्ये पंधरा-वीस अर्धवट मजकूर तयार होतात. वेलांटी हलवलेला एक, रफार हलवलेला एक, जोडाक्षरं जुळवलेला एक. प्रत्येकाची परतफेड लक्षात ठेवायची म्हणजे पुन्हा कुठंतरी एक राहणार, नाहीतर एक दोनदा परत केला जाणार. तसा आमचा प्रोग्रॅम सेकंदाच्या आत संपतो, आणि संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सगळी मेमरी परत घेतेच. एका कार्डासाठी काही न आवरताही चाललं असतं. पण बाबांच्या वीस वर्षांच्या फाइली मी एकाच दमात बदलायला घेतल्या होत्या, आणि तिथं न आवरलेला पसारा वाढत जाऊन दुकानातला जुना कॉम्प्युटर गुदमरायचा.

शेवटी केलं ते काकांनी सांगितलं तेच. प्रत्येक कार्ड सुरू होताना मेमरीचा एक मोठा तुकडा घ्यायचा. त्या कार्डाची सगळी नावं, सगळे अर्धवट मजकूर त्यातूनच एकामागून एक कापून घ्यायचे. मधलं काहीही परत करायचं नाही, कशावर काही लिहायचं नाही. तुकडा संपला तर दुसरा जोडायचा, आणि तोही मिळाला नाही तर प्रोग्रॅमनं थांबायचं, तसं सांगायचं. कार्ड छापून बाहेर पडलं की सगळं एकदम मोकळं, आणि पुढचं कार्ड पुन्हा त्याच तुकड्याच्या सुरुवातीपासून. यासाठी लिहावा लागतो एक आकडा आणि तो शून्य करणारी एक ओळ.

ही युक्ती जुनी आहे. डग्लस रॉस यांनी १९६७ साली मेमरीचे असे विभाग पाडून वापरण्याबद्दल लिहिलं होतं. डेव्हिड हॅन्सन यांनी १९९०मध्ये, वस्तू किती काळ जगणार यावरून त्यांना जागा द्यावी, असं मांडलं. पोस्टग्रेस हा डेटाबेस आजही प्रत्येक कामाचा पसारा असा गटानं ठेवतो आणि गटानं मोकळा करतो. मी हे सगळं नंतर वाचलं. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमच्या दुकानाची मागची भिंत येत होती, जिथं अजून खिळ्यांच्या केसचे डाग आहेत.

नवीन कार्डं त्याच संध्याकाळी गेली. छापण्याआधी बाबांनी मला ती मोठ्यानं वाचायला लावली, प्रत्येक नाव, 'कै.'पासून. हीच आमच्याकडची जुनी पद्धत होती: एकानं मूळ कागद धरायचा, दुसऱ्यानं प्रूफ मोठ्यानं वाचायचं. पडदे आल्यावर आम्ही ती सोडली होती, कारण पडद्यावर दिसतंच की. त्या पोराचं नाव नवव्या ओळीत आलं तेव्हा माझा आवाज अडकला. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

त्या घरानं पैसे द्यायला माणूस पाठवला. बाबांनी घेतले नाहीत. त्यानंतर त्यांच्याकडचं कोणी दुकानात आलेलं नाही, तीन वर्षं झाली. बाबा त्या मोहल्ल्यातून कोणी आलं की आडून विचारतात, तिकडचा पोरगा कसा आहे, शाळेत जाते ना. जाते म्हणतात. दुसरीत आहे.

काटोलचा फोन लागला तो तेरवीच्या आदल्या दिवशी. बाबा दिवसातून चार वेळा लावायचे. त्या घरी नवीन कार्ड पोचलं होतं, पण जुनं कुठं आहे हे कळल्याशिवाय बाबांना चैन नव्हतं. मी दुकानात होते, फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक म्हातारा माणूस होता, थोडा बहिरा. बाबांनी तीनदा सांगितलं, पहिलं कार्ड, चुकीचं, ते कुठं ठेवलं?

"थे?" तो म्हणाला. "थे तर त्याच दिवशी फाडलं ना बाप्पा. तसं कार्ड घरात ठेवते काय कोणी?"

बाबांनी फोन ठेवला, गॉगल काढून टेबलावर ठेवला आणि पोराला चहा आणायला पाठवलं. मग यादीतल्या शेवटच्या नावापुढे बरोबरची खूण केली, आणि यादीचा कागद माझ्याकडे देत म्हणाले, "हाही फाड."